खाली नेट चालतं, वर का नाही?

घरात इंटरनेटची जोडणी एक आणि कॉम्प्युटर दोन, या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. बहुतेकांची तक्रार एकाच धाटणीची आहे: एका कॉम्प्युटरवर नेट चालतं, दुसऱ्यावर नाही. एकावर व्यवस्थित चालत असेल तर बाहेरून येणारी लाइन चालू आहे. केबलवाल्याला फोन लावण्याआधी घरातच शोध घ्या, आणि चालणारा कॉम्प्युटर पडताळणीसाठी वापरा. न चालणाऱ्याची वायर चालणाऱ्याला लावा. तोही बंद पडला तर दोष वायरीत किंवा नेटच्या डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, पोर्टमध्ये, नाही पडला तर दोष कॉम्प्युटरमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही.

प्रश्न: तळमजल्यावर फायबरचा डबा आहे, त्याला डेस्कटॉप वायरने जोडलाय. जुन्या कनेक्शनचा राउटर पडून होता, तो वरच्या खोलीत लावून खालून वायर वर नेली. वर लॅपटॉपला वायफायची रेंज फुल, पण ‘नो इंटरनेट’. अधूनमधून खालचा डेस्कटॉपही बंद पडतो. वरचा राउटर काढला की खाली सगळं सुरळीत. राउटर बिघडलाय का? (इचलकरंजी)

उत्तर: राउटर बहुधा ठणठणीत आहे. एका घरात दोन कारभारी झालेत, एवढंच. दोन्ही डब्यांचा पत्ता (नेटवर्कवरचा आयपी क्रमांक) १९२.१६८.१.१ असणार, आणि दोन्ही डबे कॉम्प्युटरना पत्ते वाटत असणार. पत्ते वाटण्याच्या या सोयीला डीएचसीपी म्हणतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. लॅपटॉपला वरच्या राउटरने पत्ता दिला की तो बाहेर जायची वाटही वरच्याच राउटरकडे शोधतो, आणि वरच्या राउटरला बाहेरची लाइन नाही. डेस्कटॉपही कधी कधी याच घोळात सापडतो, म्हणून तो ‘अधूनमधून’ बंद पडतो. रेंज फुल दिसते याचा अर्थ लॅपटॉप आणि वरचा राउटर यांचं जमतंय, इतकाच.

उपाय असा की वरच्या राउटरकडून कारभार काढून घ्यायचा आणि त्याला फक्त वायफाय पसरवायला ठेवायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे.

आधी खालून आलेली वायर काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो छोट्या लॅन केबलने वरच्या राउटरला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. नाव आणि पासवर्ड राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. पूर्वी कोणी बदलला असेल तर राउटर चालू असताना रीसेटच्या भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून ठेवा. मग ‘लॅन’ सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर आत जा. वायफायला खालच्या डब्याचंच नाव आणि पासवर्ड द्या, चॅनेल मात्र वेगळा. २.४ गिगाहर्ट्‌झवर खाली १ असेल तर वर ६ किंवा ११ ठेवा. मधले आकडे निवडू नका, ते शेजारच्या चॅनेलमध्ये घुसतात. डीएचसीपी बंद करायचं काम अगदी शेवटी. ते आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगचं पान परत उघडणार नाही.

आता वायर जोडा, पण वरच्या राउटरच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये. बहुतेक राउटरवर वेगळ्या रंगाचं जे एकटं पोर्ट असतं ते ‘वॅन’, ते मोकळं राहू द्या. सगळे तिथेच चुकतात, कारण पूर्वी केबलवाल्याची वायर तिथेच असायची. खालच्या डब्यात जाऊन तो पत्ते कुठल्या आकड्यापासून वाटतो तेही बघा. २ पासून वाटत असेल तर सुरुवात १० पासून करा, म्हणजे वरच्या राउटरचा २ हा आकडा दुसऱ्या कोणाला जाणार नाही. काही राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो असेल तर ही सगळी खटपट एका क्लिकवर होते, म्हणून मेनूत आधी तेच शोधा.

जमलं का ते असं बघा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’ (बाहेर जायची वाट) समोर १९२.१६८.१.१ हवं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला पत्ता कोणीच दिलेला नाही, त्याने तो स्वतःच घेतलाय. अशा वेळी वायर किंवा पोर्ट तपासा. पत्ता बरोबर असेल तर तीन पिंग करा (‘पिंग’ आणि पुढे पत्ता टाइप केला की पलीकडून उत्तर येतं का ते कळतं): आधी १९२.१६८.१.१ ला, मग ८.८.८.८ ला, शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नाही तर बिघाड घरात. पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही, तर डब्याच्या पलीकडे. पहिल्या दोन्हींना उत्तर येतं पण नाव सापडतच नाही, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीत. त्या कॉम्प्युटरवर जुन्या कंपनीचा डीएनएस कोणीतरी हाताने भरलेला असतो. तो काढून ‘ऑटोमॅटिक’ करा.

प्रश्न: प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. लॅपटॉपला वायफायवर १८० च्या आसपास मिळतात, पण वायरने जोडलेल्या डेस्कटॉपला ९४ च्या वर जात नाहीत. वायरवर उलट जास्त मिळायला हवेत ना? (नाशिक)

उत्तर: हवेतच. तो ९४ आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात ९४-९५ च निघतात. डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये ‘इथरनेट’ उघडून ‘लिंक स्पीड’ बघा, १००/१०० दिसेल. तिथे १००० दिसायला हवं.

लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात: नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार पिनमध्ये (वायरच्या टोकाच्या प्लगमध्ये) नीट बसली नसेल तर कॉम्प्युटर निमूटपणे १०० वर उतरतो आणि ‘कनेक्टेड’ दाखवत राहतो. पिन डोळ्यांजवळ धरून टोकाकडून बघा. आठही तारांची टोकं पारदर्शक प्लास्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मागे राहिली असेल तर तीच गुन्हेगार. वायरचं बाहेरचं आवरणही पिनच्या आत दाबलेलं हवं, नाहीतर ओढ बसली की तारा निसटतात.

पिन नव्याने मारताना, खटका खाली आणि टोक पुढे धरून डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ जेवढा कमी सोडाल तेवढं बरं, सव्वा सेंटिमीटरच्या वर नको. वायर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ घ्या आणि शुद्ध तांब्याची मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर सर्रास मिळते. ती दोनदा वाकवली की आत तुटते आणि वरून काही कळत नाही. पिन ठीक असूनही १०० च दिसत असेल तर डेस्कटॉपचं किंवा डब्याचं पोर्टच १०० चं असू शकतं. लॅपटॉप त्याच वायरला लावून बघितलं की उलगडा होतो.

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपवर कुठलीही साइट उघडली की ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ असं येतं. लॅपटॉपवर त्याच वायफायवर सगळं उघडतं. (अकोला)

उत्तर: खाली कोपऱ्यात तारीख बघा. वर्ष चुकलेलं असेल तर मदरबोर्डवरचा तारीख-वेळ राखणारा सीआर २०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची वाटतात आणि ब्राउझर अडवतो. सेल बदला, तारीख लावा. नेटचा काही संबंध नाही.

प्रश्न: गावात ब्रॉडबँड नाही. मोबाइल यूएसबीने लॅपटॉपला जोडतो आणि तेच नेट लॅन केबलने डेस्कटॉपला देतो. एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी बंद. (दापोली तालुका)

उत्तर: यात तीन ठिकाणी गाडी अडते. एक, शेअरिंगची खूण चुकीच्या जागी असते. ‘अ‍ॅडॉप्टर सेटिंग्ज’मध्ये ज्या जोडणीतून नेट येतं तिच्या, म्हणजे मोबाइलच्या, ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘शेअरिंग’ टॅबवर खूण करायची, डेस्कटॉपकडे जाणाऱ्या इथरनेटवर नाही. बरोबर झालं की लॅपटॉपच्या इथरनेटचा पत्ता आपोआप १९२.१६८.१३७.१ होतो. डेस्कटॉप ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, त्याला १९२.१६८.१३७ नेच सुरू होणारा पत्ता मिळेल. दोन, मोबाइल दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये घातला की विंडोज त्याला नवी जोडणी समजू शकतं आणि खूण जुनीवर राहते. पोर्ट ठरवून टाका. तीन, लॅपटॉप बंद करून चालू केला की शेअरिंग दिसतं चालू, असतं झोपलेलं. खूण काढून ‘ओके’, परत करून ‘ओके’. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ऑटोमॅटिक केलं तर हा त्रास कमी होतो.

आमचा सल्ला मात्र वेगळा. डेस्कटॉपला वायफायचा छोटा यूएसबी डोंगल घ्या आणि दोन्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका. लॅपटॉप झोपला म्हणून डेस्कटॉप अडणार नाही.

प्रश्न: एका कॉम्प्युटरवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की दुसऱ्यावरचा व्हिडिओ कॉल अडखळतो. (ठाणे)

उत्तर: अपलोडची रांग तुंबते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८.८.८.८ ला सतत पिंग लावा. बॅकअप नसताना १०-३० मिलिसेकंद आणि असताना काहीशे दिसले की निदान पक्कं. बॅकअपच्या अ‍ॅपमध्येच अपलोडची मर्यादा घाला, किंवा राउटरच्या ‘बँडविड्थ कंट्रोल’मध्ये एकूण अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. प्लॅन वाढवून हे नेहमी सुटतंच असं नाही. जाता जाता: विंडोज अपडेटच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये फक्त ‘लोकल नेटवर्क’ निवडलंत तर एकाने उतरवलेले अपडेट दुसरा त्याच्याकडूनच घेऊ शकतो.

प्रश्न: विजा झाल्यानंतर डेस्कटॉपच्या लॅन पोर्टचा दिवा पेटत नाही. स्पाइक गार्ड लावलेला होता. (कुडाळ)

उत्तर: स्पाइक गार्ड विजेच्या तारेतून येणारा झटका अडवतो, लॅन केबलमधून येणारा नाही. गच्चीवरच्या स्विचमधून (नेटच्या वायरी वाटणाऱ्या डब्यातून) तांब्याची वायर थेट घरात येत असेल तर झटका तिच्यातूनही येतो. आधी दुसरी वायर आणि डब्याचं दुसरं पोर्ट लावून बघा. तरी दिवा नाही तर पोर्ट गेलं. अख्खा मदरबोर्ड बदलायची गरज नाही, गिगाबिटचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड किंवा यूएसबी ३.० चा लॅन अ‍ॅडॉप्टर लावा. केबलवाल्याकडे घरापर्यंत फायबर मागा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण फायबरच्या वायरला आधाराची पोलादी तार असेल तर ती डब्यापासून लांब, घराबाहेरच तोडून ठेवायला सांगा. तोवर गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅन केबलही काढा.