खरं बोललं की झालं का?

या वेळचे वाचकांचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, समोरच्याची चूक त्याला सांगायची की नाही आणि सांगायची तर कशी. म्हणून बाकीचे बाजूला ठेवून हेच चार घेतलेत, बुद्धांनी याबद्दल काय सांगितलंय ते बघत.

प्रश्न: माझा स्वभाव स्पष्टवक्ता आहे, पोटात एक ओठात एक असं मला जमत नाही. पण हल्ली घरचे, मैत्रिणी सगळेच म्हणतात की तू फार टोचून बोलतेस. पंचशीलात खोटं बोलू नये असंच सांगितलंय ना, मग खरं बोलणारीने का गप्प बसायचं?

ताई, खोटं बोलू नका म्हणजे जेवढं खरं आहे तेवढं सगळं बोलून टाका असं नाही ना होत. सम्यक वाचेत, म्हणजे बुद्धांनी सांगितलेल्या योग्य बोलण्यात, चार गोष्टी टाळायच्या असतात, खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. आपण स्पष्टवक्ते लोक पहिल्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क घेतो आणि उरलेल्या तीन पेपरांना बसतच नाही.

तुमचा प्रश्न मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, जवळपास असाच येतो. अभय नावाच्या राजकुमाराला पढवून पाठवलं होतं की बुद्धांना विचार, तुम्ही दुसऱ्याला न आवडणारं कधी बोलता का? हो म्हणाले तर मग सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, नाही म्हणाले तर देवदत्ताला, म्हणजे बुद्धांच्या विरोधात गेलेल्या त्यांच्या शिष्याला, जे सुनावलंत ते काय होतं. दोन्हीकडून अडकवायचा बेत. बुद्ध म्हणाले, याचं एका शब्दात उत्तर नाही. त्या वेळी अभयच्या मांडीवर एक तान्हं मूल होतं, तेच दाखवून त्यांनी विचारलं की या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, काढेन, पटकन निघाला नाही तर डाव्या हाताने डोकं धरेन, उजव्या हाताचं बोट वाकडं करून काढेन, रक्त आलं तरी काढेन, कारण मला बाळाची माया आहे.

लोक यातलं फक्त रक्त उचलतात, बघा बुद्धांनीपण परवानगी दिली म्हणून. पण डावा हात कुठे होता ते बघा ना, डोक्याला आधार देऊन होता. पुढे बुद्ध सांगतात की जे खरं नाही किंवा खरं असूनही हिताचं नाही ते तथागत (म्हणजे ते स्वतः) बोलत नाहीत, आणि जे खरंय, हिताचंय पण ऐकायला कडू आहे ते योग्य वेळ बघून बोलतात. गंमत म्हणजे गोड बोलण्यालाही हीच अट आहे, खरं हवं, हिताचं हवं आणि वेळ बघायची.

वेळेच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्लीय. एका मित्राचं पहिलंच भाषण झालं, तो खाली उतरून पाणी पीत होता, ग्लास अजून तोंडाला, आणि मी सांगितलं की तू दर वाक्याला 'म्हणजे' म्हणतोस. खरं होतं, उपयोगाचं पण होतं. त्याने ग्लास तसाच अर्धा खाली ठेवला आणि म्हणाला, बरं. त्यानंतर वर्षभर त्याने मला कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं नाही. दोन दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? काहीच नाही, फक्त माझं निरीक्षण किती बारीक आहे हे लगेच दाखवायला मिळालं नसतं.

प्रश्न: माझ्या टीममधला एक ज्युनियर सतत चुका करतो. मी मेडिटेशन करतो, कुणाला दुखवायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे बोलत नाही आणि आतल्या आत चिडचिड होते. गप्प राहणं हेच जास्त बरं नाही का?

नाही. बुद्धांच्या काळातल्या पोतलिय नावाच्या परिव्राजकाचं, म्हणजे फिरत्या संन्याशाचं, अगदी हेच मत होतं, जो कुणाची निंदाही करत नाही आणि स्तुतीही करत नाही तो सगळ्यात श्रेष्ठ. बुद्धांना ते पटलं नाही, ते म्हणाले की जो दोष देण्यासारखं असेल तिथे दोष दाखवतो, कौतुकासारखं असेल तिथे कौतुक करतो, आणि दोन्ही खरं तेवढंच आणि वेळ बघून, तो श्रेष्ठ. आणि खरं सांगू का, तुमचं मौन मला मैत्रीतून आलेलं वाटत नाहीये, ते ऑकवर्ड क्षण टाळण्यातून आलंय. शांत माणूस आतल्या आत चिडचिडत नाही.

भिक्खूंनी एकमेकांची चूक दाखवायच्या आधी काय ठरवायचं ते विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे: वेळेवर बोलेन, जे घडलंय तेच बोलेन, सौम्य शब्दात बोलेन, त्याच्या हिताचं बोलेन, आणि मनात द्वेष न ठेवता मैत्रीने बोलेन. यातला पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड कारण तो बाहेरून कुणालाच दिसत नाही. आणि हे सगळं बोलणाऱ्याने स्वतःच्या बाबतीत तपासायचंय हां, ऐकणाऱ्याने नाही.

अजून एक, अरणविभंग सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा एखादा उपदेश) माणसावर शिक्का न मारता वागण्याबद्दल बोलायला सांगितलंय, म्हणजे असं करणारे सगळे चुकीच्या वाटेवर आहेत असं न म्हणता, अमुक गोष्टीत दुःख आहे एवढंच सांगायचं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर 'तू बेफिकीर आहेस' हा शिक्का झाला. 'मंगळवारच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे चुकले आणि पुढच्या टीमला तो परत पाठवावा लागला' हे वागण्याबद्दल झालं, यावर तो काहीतरी करू शकतो. आधी थोडं कौतुक, मग टीका, मग परत कौतुक ही पद्धत मला वैयक्तिक आवडत नाही, दोन-तीनदा झालं की कौतुक ऐकलं तरी माणूस धसका घेतो.

प्रश्न: मुलगा सारखा मोबाईलवर असतो, मध्येमध्ये खोटंही बोलतो. पण मी स्वतःच रात्री एक वाजेपर्यंत स्क्रोल करते, कुठल्या तोंडाने सांगू?

धम्मपदात आहेच की आधी स्वतःला योग्य मार्गावर लावावं, मग दुसऱ्याला उपदेश करावा. पण याचा अर्थ तुम्ही परफेक्ट होईपर्यंत मुलाला वाऱ्यावर सोडायचं असा नको, तसं केलं तर कुणी कुणाला काही सांगूच शकणार नाही. 'मलाही जमत नाहीये, आजपासून दोघांचे फोन रात्री बाहेरच्या खोलीत' असं म्हणा ना, त्यात उपदेशापेक्षा जास्त दम आहे.

खोटं बोलण्याबद्दल बुद्धांनी स्वतःच्या मुलाला, राहुलला कसं सांगितलं ते बघा. पाय धुवायला ठेवलेल्या भांड्यात थोडंसं पाणी मुद्दाम उरवलं आणि म्हणाले, ज्याला जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे साधूपण, एवढंसंच. मग ते ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, परत सरळ करून रिकामं दाखवलं. पूर्ण सुत्तात 'तू खोटं बोललास' असं एकही वाक्य नाहीये! शेवटी आरशाचं उदाहरण, काही करायच्या आधी, करताना आणि केल्यावर बघ की याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. म्हणजे तपासायचं काम मुलाच्याच हातात दिलं.

प्रश्न: धाकटा भाऊ कर्ज काढून एकामागून एक धंदे करतो. दहा वेळा समजावलं, ऐकत नाही. आता मलाच तो नावं ठेवतो की तू फक्त चुका काढतोस.

दादा, दहा वेळा म्हणजे पुष्कळ झालं. गणक मोग्गल्लान नावाच्या एका ब्राह्मणाने बुद्धांना विचारलं होतं की तुम्ही शिकवूनही सगळे का पोचत नाहीत, तेव्हा ते म्हणाले, राजगृहाचा रस्ता दोघांना सांगितला, एक नीट पोचला, दुसरा उलटीकडे गेला, यात मी काय करणार, मी वाट दाखवणारा. किन्ति सुत्तातही आहे की आपल्याला त्रास झाला, समोरच्याला थोडं लागलं तरी तो सुधारण्यासारखा असेल तर जरूर बोलावं, पण तसं नसेल तर उपेक्षेला कमी लेखू नये. ही उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल ठेवून तटस्थ राहणं, तोडून टाकणं नाही, जेवायला बोलवा, गप्पा मारा, फक्त अकराव्यांदा कर्जाचा विषय काढू नका. हां, जामीन म्हणून सही मागितली तर नाही म्हणा, तो उपदेश नाही, तो तुमचा स्वतःचा निर्णय आहे.

आणि तो जे नावं ठेवतोय त्यात तथ्य असू शकतं. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना पवारणा नावाचा विधी असतो, त्यात प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर दयाबुद्धीने सांगा. संयुत्त निकायात तर स्वतः बुद्ध पाचशे भिक्खूंना विचारतात, माझ्या वागण्याबोलण्यात काही खटकलं का. तुम्हीही एकदा भावाला विचारून बघा. फक्त तो बोलायला लागला की 'पण तू पण तर' ने सुरुवात करू नका, दोष दाखवला की उलट दोष काढणं आणि विषय बदलणं हे दोन्ही बुद्धांचे शिष्य महामोग्गल्लान (वरचे गणक मोग्गल्लान वेगळे) यांनी केलेल्या, ज्याला काही सांगणंच अवघड अशा माणसाच्या लक्षणांच्या यादीत आहे.