विमानात बसण्याआधीचे दहा महिने

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाकडून एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ऑफर आली आहे. जर्मनीतल्या दोन वर्षांच्या, इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमालाही अर्ज केला आहे, त्याचा निकाल यायचा आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड आहेत आणि आतापर्यंतची सरासरी ८१ टक्के आहे. निघायला दहा महिने आहेत. कन्सल्टंट म्हणतात, कागदपत्रं आणि व्हिसा झाला की तयारी संपली. बाबा म्हणतात, तिथला रोजचा खर्च पार्ट-टाइम नोकरीतून निघेल. मला मात्र वेगळीच भीती वाटते. तीन वर्षांत मी वर्गात एकदाही प्रश्न विचारलेला नाही. मी काय तयारी करू? आणि दोन्हीकडे प्रवेश मिळाला तर कुठे जाऊ?

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जरा संकोचतच लिहिलं आहेस, ते वर्गात प्रश्न न विचारण्याचं. तिथूनच सुरुवात करू, कारण हुशार मुलं परदेशात पहिल्या सत्रात अडखळतात ती बहुतेक वेळा इथेच. कागदपत्रांत काही अडलं तर ते निघण्याआधीच लक्षात येतं, म्हणून त्याची काळजी सगळे घेतात. वाचन साचत चाललंय, निबंध कसा रचायचा ते कळत नाही आणि प्राध्यापकांना विचारायचा धीर होत नाही, ही अडचण मात्र मूल तिकडे पोचल्यावर सुरू होते आणि घरी फोनवर कुणी ती सांगत नाही.

आधी साडेसात बँडबद्दल. गुण चांगले आहेत, मनापासून कौतुक. पण त्या परीक्षेत नेमकं काय मोजलं जातं ते पाहा. लेखनाचे दोन प्रश्न एका तासात, एकाला किमान १५० शब्द, दुसऱ्याला २५०. ऐकण्याची चाचणी साधारण अर्ध्या तासाची. मास्टर्सला गेल्यावर तीन हजार शब्दांचा निबंध लिहावा लागतो, तोही आधी दहा-पंधरा शोधनिबंध वाचून. लेक्चर दीड-दोन तासांचं असतं आणि वर्गात पाच-सहा देशांतल्या मुलांचे उच्चार कानावर पडतात. तुझं इंग्रजी कमी पडणार नाही. एवढा वेळ, एवढ्या लांबीचं इंग्रजी वापरायची सवय मात्र तुला अजून नाही आणि ती दहा महिन्यांत नक्की लागते.

आता जरा हिशेब करू. युरोपात अभ्यास ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. समज, तुझा एक विषय ५ क्रेडिटचा आहे. म्हणजे त्याला १२५ ते १५० तास द्यायचे आहेत. त्या विषयाची लेक्चरं आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे धरली तरी ६० तासच होतात. उरलेले ६५ ते ९० तास तुझे एकटीचे: वाचन, टिपणं, लेखन, परीक्षेची तयारी. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे १० तास धरतात, म्हणजे वर्षभरात १८०० तास. त्यातला मोठा हिस्सा, बहुधा ६० क्रेडिट, प्रबंधाचा. वेळापत्रकात आठवड्याला दहा-बाराच तास भरलेले दिसतात आणि मुलांना वाटतं, बराच वेळ मोकळा आहे. तो वेळ मोकळा नसतो. तो स्वतः आखून वापरायचा असतो आणि ‘आज काय वाचलंस’ म्हणून विचारायला कुणी येत नाही.

म्हणून पहिलं काम आजपासून. तुझ्या विषयातला एक शोधनिबंध दर आठवड्याला निवड. पाठ करायचा नाही. त्यातली दोन पानं वाच, कागद उलटा ठेव आणि लेखकाचं म्हणणं चार वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिही. मग कागद उघडून ताडून पाहा. सुरुवातीला दोन गोष्टी होतील. एक तर काहीच आठवणार नाही, म्हणजे समजलंच नव्हतं. नाहीतर लेखकाचंच वाक्य थोडे शब्द बदलून उतरेल. ही दुसरी गोष्ट फार धोक्याची आहे. मूळ वाक्याची घडण तशीच ठेवून शब्द बदलणं, तेही संदर्भ न देता, याला तिकडची विद्यापीठं सरळ वाङ्मयचौर्य मानतात. अशा निबंधाला शून्य मिळू शकतं आणि चौकशीही लागू शकते. यात सापडणारी मुलं लबाड असतातच असं नाही. आजवर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवल्यावर त्यांना गुणच मिळालेले असतात, म्हणून ती तेच करतात. एआयच्या साधनांबद्दल तर दर विद्यापीठाचा, कधी कधी दर विषयाचा नियम वेगळा असतो, तो आधी वाचून ठेव.

चार वाक्यं जमायला लागली की खाली पाचवं लिही: मला हे पटतं का, आणि का? तुझा प्रश्न विचारण्याचा धीर इथूनच येईल. वर्गात प्रश्न सुचत नाही याचं कारण भित्रेपणा आहे असं मला वाटत नाही. वाचून न जाता प्रश्न सुचणार तरी कुठून? ‘हे मला कळलं नाही’ म्हणायला कुणालाही लाज वाटते. पण ‘या अभ्यासात नदीच्या पाण्याचे नमुने फक्त उन्हाळ्यात घेतले आहेत, पूर आल्यावर हाच निष्कर्ष टिकेल का?’ असा प्रश्न हातात असला की लाज आपोआप गळते. आपण स्वतःबद्दल नाही, कामाबद्दल बोलत असतो. असा एक प्रश्न आठवड्याला तयार कर आणि सध्याच्या कॉलेजातल्या एका तरी शिक्षकांना जाऊन विचार. वर्गात जमत नसेल तर तास संपल्यावर. तेही जड गेलं तर ईमेलवर, चार ओळींत: मी कोण, काय वाचलं, कुठे अडलं, काय हवं. परदेशात प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या खरोखर विद्यार्थ्यांसाठीच राखलेल्या असतात. तिथे जाणं म्हणजे त्रास देणं नव्हे. ब्रिटनमध्ये बरेच शिक्षक स्वतःहून पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात, जर्मनीत आडनाव आणि आदरार्थी बोलणं अजून पक्कं आहे. पहिले काही दिवस आजूबाजूचे कसं बोलतात ते ऐक, म्हणजे चुकायची भीती राहणार नाही.

गुणांबद्दलही आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या निबंधाला ६४ मिळाले आणि तू रात्रभर रडलीस, असं होऊ नये. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० च्या पुढे मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ८० च्या वर गुण क्वचितच दिसतात. तिथले ६४ हे तुझ्या ८१ पेक्षा वाईट नाहीत, ती वेगळी मोजपट्टी आहे. जर्मनीत तर ती उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. तिथली आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेव. परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते, नुसतं वर्गात बसून चालत नाही. अनेक विद्यापीठांत एका परीक्षेला बसायच्या संधीही मोजक्याच असतात. सक्तीच्या विषयात शेवटची संधीही गेली तर तो अभ्यासक्रम सोडावा लागू शकतो. तेव्हा परीक्षेचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचायचे.

आता बाबांचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हा परिच्छेद वाचून दाखव. पार्ट-टाइम नोकरीच्या भरवशावर घरभाडं आणि जेवणखाणाचं गणित मांडू नका. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवी आणि मास्टर्सच्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. जर्मनीत २०२४ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पण ही कमाल मर्यादा आहे, काम मिळेलच याची हमी नाही. आणि १८०० तासांचा हिशेब वर मांडलाच आहे. त्यात आठवड्याचे २० तास घातले तर कात्री झोपेला लागते, नंतर अभ्यासाला. व्हिसा देणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून तर ते आधी पैसे दाखवायला लावतात. जर्मनीला बहुतेक विद्यार्थी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेलीच रक्कम हातात येते. ब्रिटनसाठी निधी दाखवावा लागला तर तो खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, एक दिवसही खाली आला तर पंचाईत. पहिले चार महिने एकही तास काम न करता निघतील एवढी सोय असेल तरच निघा. त्यानंतर काम मिळालं तर ते पैसे वरखर्चाला होतील, त्यात आनंदच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आज तपास. फरक असेल तर दुरुस्तीला महिने जातात. आयईएलटीएसचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. व्हिसाचे नियम आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. कन्सल्टंटना एक प्रश्न मोकळेपणाने विचार: या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? अनेक विद्यापीठं एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही, पण सल्ला ऐकताना आपल्याला ते माहीत असायला हवं. आणि एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारा अर्जासोबतचा मजकूर, त्यांच्याकडून लिहून घेतला असशील, तर यापुढच्या अर्जासाठी तो स्वतः लिही.

मनाचंही बोलू या. १९५५ साली स्वेर लुसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळातले सगळ्यात जास्त अवघडलेले. सुरुवातीला बरं, मध्ये अवघड, नंतर पुन्हा बरं, हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही हेही पुढच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. काहींना पहिल्याच आठवड्यात रडू येतं, काहींना कधीच येत नाही. पण सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर मन खाली जाणं अगदी नेहमीचं आहे, एवढं घरच्यांनाही सांगून ठेव. तुझ्या बाबतीत हा उतार नोव्हेंबर-डिसेंबरात येण्याचा संभव आहे. उत्तर युरोपात तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला अंधारतं आणि पहिले निबंध नेमके त्याच वेळी द्यायचे असतात. म्हणून एखादा खेळ, वाद्य, चालण्याचा गट, जे आवडतं ते पहिल्या महिन्यातच धर. मन खचल्यावर नवी ओळख करायला फार ताकद लागते. विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असतं, बहुतेक ठिकाणी मोफत. त्याचा पत्ता आणि वेळ गेल्या गेल्या फोनमध्ये नोंदवून ठेव. घरी रोज फोन केलास तर काही बिघडत नाही. फक्त ‘सगळं छान आहे’ एवढंच सांगायचा फोन नको.

आता तुझा शेवटचा प्रश्न. दोन्हीकडे प्रवेश मिळाला तर, तुझ्या पत्रावरून, माझा कल जर्मनीच्या दोन वर्षांकडे आहे. एक वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सचे फायदे खरे आहेत: लवकर संपतं, भाषेची अडचण नाही, राहण्याचा खर्च एकाच वर्षाचा. पण त्यात चुकायला जागा फार कमी. सप्टेंबरात पोचलीस की जानेवारीपर्यंत पहिलं सत्र संपतं आणि उन्हाळ्यात प्रबंध. वाचून, प्रश्न घेऊन वर्गात जायची सवय तुला अजून लागायची आहे. दोन वर्षांत पहिलं सत्र जरा कच्चं गेलं तरी सावरता येतं. शिवाय जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून ते भरावं लागतं, तुझं विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे ते पाहा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, दवाखाना, सरकारी कचेरी आणि पुढे नोकरी यांना जर्मन लागतंच. तिकडे जायचं ठरलं तर निघण्याआधी जर्मनची ए-टू पातळी, म्हणजे रोजच्या साध्या संभाषणापुरती भाषा, गाठ. दहा महिन्यांत हे सहज जमण्यासारखं आहे.

ठरवण्याआधी दोन्ही अभ्यासक्रमांचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, डाउनलोड करून घे. प्रत्येक विषयापुढे क्रेडिट किती, मूल्यमापन निबंधाने, लेखी परीक्षेने की तोंडी, हे एका कागदावर मांड. तोंडी परीक्षा किती आहेत त्यावर खूण कर, कारण तुझा सराव तिथे सगळ्यात जास्त लागेल. तो कागद आणि तुझ्या पहिल्या चार शोधनिबंधांची ती पाच-पाच वाक्यं मला पाठव. जर्मनीचा निकाल आला की पुढचं ठरवू.