बारावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका प्रथमच तपासणाऱ्यांस

इंदूरच्या मूल्यांकन केंद्रावर सीबीएसईच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तुमच्यासमोर येतील, तेव्हा एकही गुण देण्याआधी सगळे प्रश्न स्वतः सोडवून पाहा. गुणदान योजना नुसती वाचून तिच्यातला अर्ध्या गुणाचा हिशेब ध्यानात येत नाही. या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत पायऱ्यांनाही गुण असतात. समजा, ५ गुणांच्या क्षेत्रफळाच्या प्रश्नात एखाद्याने छेदबिंदू काढताना चिन्ह चुकवले आणि पुढे त्याच चुकीच्या मर्यादा घेऊन संकलन (आपल्या इथली मुले समाकलनच म्हणतात) बिनचूक केले, तर गुण त्या एका पायरीचेच कापावेत. चुकीच्या परिणामाने बदललेल्या पुढच्या प्रत्येक ओळीला पुन्हा दंड करू नये. मात्र चुकीमुळे प्रश्नच सोपा झाला असेल, तर स्वतःच्या मनाने न ठरवता मुख्य परीक्षकांना विचारावे.

योजनेहून निराळी, पण गणिती दृष्ट्या ग्राह्य रीत पूर्ण गुणांस पात्र असते. पहिल्या वर्षी अशी एक सुरेख सिद्धता मी घाईने चूक ठरवली होती आणि फेरतपासणीत ती माझ्याकडेच परत आली. उत्तर सर्वस्वी योग्य असेल, तर ८० पैकी ८० देताना हात आखडू नका.