घारीच्या नजरेआडचं परडं

प्रश्न : काकींना नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. घरामागं ३ गुंठ्यांचं परडं आहे, भोवती तारेची जाळी मारलीय. २२ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. परड्यात गवताची काडी उरलेली नाही, नुसती उघडी माती. फेब्रुवारीत दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. १९ पिल्लं निघाली, त्यांतली ११ घारीनं नेली. सासरे गलोल घेऊन राखण करतात, पण दिवसभर कोण बसणार? परड्यात झाडं लावली तर उपयोग होईल का? कोंबड्यांच्या चाऱ्यालाही होतील अशी झाडं सांगा.
(एक वाचक, ता. करवीर)

उत्तर : पोरी, ११ पिल्लं गेली हे वाचून जीव हळहळला. आधी सासऱ्यांची गलोल खुंटीला अडकव. घार काय आणि शिक्रा काय, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं दोघांनाही संरक्षण आहे. शिवाय एक हाकलली की दुसरी येतेच. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्याही घरट्यात पिल्लं असतात, त्यामुळं तिच्या फेऱ्या नेमक्या तेव्हाच वाढतात. बदलायचं आहे ते तुझं परडं.

कोंबडी मुळात रानातली. आपल्या दाजीपूरच्या जंगलात राखाडी रानकोंबडा अजून आहे. तो उघड्यावर येतो, चार दाणे टिपतो आणि पुन्हा झाडोऱ्यात शिरतो. घरच्या कोंबडीतही ती रीत शिल्लक आहे. माझी एक तांबडी कोंबडी आहे. घार दिसली की ती मान तिरकी करते, एकच डोळा आभाळाला लावते आणि बारीक, लांब ‘क्रर्रर्र’ असा आवाज काढते. मुंगूस दिसलं तर आवाज वेगळा, तुटक, ‘कॉक कॉक कॉक’. ‘क्रर्रर्र’ ऐकलं की पिल्लं करवंदीच्या बुडात अशी गडप होतात की मला स्वतःला मोजता येत नाहीत. तुझ्याही कोंबड्यांनी आवाज दिलाच असणार. पिल्लांना पळायला जागा नव्हती.

म्हणून माझा हिशेब एवढाच : परड्यात कुठंही उभी राहा, दहा पावलांच्या आत आडोसा सापडला पाहिजे. एका कोपऱ्यात दाट राई करून भागत नाही. झुडपं परडंभर विखरून हवीत. कंबरेएवढी उंच, वरून गच्च, आणि बुडाशी वीतभर मोकळी, म्हणजे कोंबडी आत शिरते आणि घारीला पंख मिटून घुसता येत नाही. मधोमध उंच झाड मात्र नको. शिक्रा आभाळात घिरट्या घालत बसत नाही, पानांत दडून राहतो आणि तिथनं झेप टाकतो. त्याला आयती बैठक कशाला द्यायची?

आता काय लावायचं. सगळ्यात पक्की करवंद. काटा असल्यानं कुत्रंही आत घुसत नाही, आणि मेअखेरीला पिकून पडलेली करवंदं खाऊन पिल्लांच्या चोची जांभळ्या होतात. बी ताजं असतानाच पेरायचं, वाळवून ठेवलेलं नीट उगवत नाही. पण करवंदीला अंगावर यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मृगाच्या पावसावर तूर टोक आणि शेवरी पेर. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून लावतात तीच शेवरी. दोन्ही दसऱ्यापर्यंत डोक्याच्या वर जातात. शेवरीचा शेंडा खुडत राहा म्हणजे बाजूला फुटेल. तुतीचे फाटे कुणाकडूनही मिळतील. ओल असली की पटकन लागतात, आणि पाला नि फळं दोन्ही कोंबड्या आवडीनं खातात. म्हशीसाठी बांधावर हत्तीघास असेल तर त्याची चार ठोंबं आत आण. अधेमधे गवती चहा लाव. कोंबडी त्याला तोंड लावत नाही, म्हणून ठोंब टिकतो आणि लहान पिल्लं त्याच्या आड बसतात. मोरीच्या पाण्याजवळ तोंडलीचा बुटका मांडव घाल. वर सावली, खाली गारवा.

लावल्या लावल्या कोंबड्या मोकळ्या सोडू नकोस. मी पहिल्या वर्षी १२ तुतीचे फाटे लावले आणि आठ दिवसांत कोंबड्यांनी सगळ्यांची मुळं उकरून वर काढली. पाला खाल्ला असता तर परत फुटला असता. उकरण्यानं रोप मरतं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक बुडाभोवती फुटक्या कौलांचे तुकडे आणि गोटे हातभर रुंदीत गच्च बसवले, वरनं काटेरी फांद्या टाकल्या. एकही रोप गेलं नाही.

जागेचं म्हणशील, तर कोंबडीमागं शंभर चौरस फूट मिळालं तर हिरवं टिकतं असा माझा अनुभव आहे. ३ गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट. तुझ्या कोंबड्यांना डोईमागं जवळजवळ दीडशे येतात. म्हणजे जागा पुरेशी आहे, फक्त तिला विसावा नाही. मधून जुन्या साड्यांचा किंवा मासे धरायच्या जुन्या जाळ्याचा आडपडदा घालून परड्याचे दोन भाग कर. एका भागात कोंबड्या, दुसऱ्यात चवळी, माठ, नाचणी विस्कटून दे. गवत चार बोटं उरलं की भाग बदलायचा. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत ते परत उठतं. दिवाळीनंतर लसूणघास आणि मेथी पेर. त्यांच्यावर बांबूची चौकट ठेवायची, चार बाय तीन फूट, जमिनीपासून वीतभर उंच आणि वर इंचभर भोकाची जाळी. जाळीतून वर आलेले शेंडे कोंबड्या खातात, मूळ शाबूत राहतं. घोळ आपोआप उगवली तर उपटू नकोस. पाल्यानं बलक पिवळाजर्द होतो, पण पाला म्हणजे खुराक नव्हे. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतंच, आणि अंडी घालणाऱ्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा हवा.

झाडं वाढेपर्यंत पिल्लांचं काय? पाचट तुमच्याकडं भरपूर असेल. बांबूच्या चौकटीवर पाचट बांधून दोन फूट उंचीची चार-पाच झापं कर आणि परड्यात पसरून ठेव. दोन्ही बाजू उघड्या हव्यात. एकच तोंड ठेवलंस तर मुंगूस आत शिरल्यावर पिल्लं कोंडली जातील. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेली बरी.

दोन गोष्टी सांभाळ. कुंपणाला आणि खुराड्याला लागून झुडूप नको, तीन-चार फूट मोकळं ठेव, नाहीतर ज्या आडोशात पिल्लू लपतं त्यातच मुंगूस दबा धरून बसेल. आणि आपल्याकडच्या पावसात झुडपाखाली चिखल साचला की पिल्लांना रक्ती हगवण लागते. बुडाच्या फांद्या छाट, ऊन-वारा लागू दे, ओलं पाचट बदलत जा. दिवेलागणीला खुराडं बंद व्हायलाच हवं. रानमांजरापुढं झाडाच्या आडोशाचा उपयोग नाही.

प्रश्न : शेळ्या कुंपणाला काही ठेवत नाहीत. कोंबड्यांच्या परड्याभोवती कण्हेर किंवा एरंड लावू का? सुबाभूळ कशी राहील?
(एक वाचक, ता. हातकणंगले)

उत्तर : दादा, कण्हेर आणि एरंड दोन्ही विषारी, एरंडाचं बी तर फारच. घाणेरीही नको. शेळी ज्याला तोंड लावत नाही अशी निर्गुडी आणि अडुळसा लावा. निर्गुडीचे फाटे जूनमध्ये खोचले की लागतात, हातभर अंतरावर दोन ओळींत लावा. सुबाभळीच्या पाल्यातला मिमोसिन हा घटक कोंबड्यांना बाधतो, आणि तिचं बी पडून सगळं परडं तिचंच होतं. आधीच असेल तर शेंगा हिरव्या असतानाच तोडा.