लॅटिन प्रार्थनांच्या वादात उतरण्यापूर्वी

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम नमस्कार.

लॅटिन मिस्सेची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या लॅटिनमधील मुख्य उपासनेची, तुला लागलेली ओढ तू अवश्य जप. मात्र ‘द्वितीय व्हॅटिकन परिषदेने लॅटिन हद्दपार केली’ हे वाक्य पुन्हा लिहिण्यापूर्वी जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या त्या परिषदेत ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेले उपासनेविषयीचे संविधान स्वतः वाच. त्याच्या ३६ व्या कलमात लॅटिनचा वापर राखावा असे आधी म्हटले आहे आणि मग लोकभाषेला अधिक वाव दिला आहे. लॅटिनचे आणि लोकभाषेचे, असे दोन्ही पक्ष त्यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग उद्धृत करतात. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी परिषदेपूर्वीच्या जुन्या लॅटिन मिस्साग्रंथाच्या, म्हणजे मिस्सेतील प्रार्थनांच्या पुस्तकाच्या, वापरावर निर्बंध आणल्यापासून तर या वादात कडवटपणाच फार आला आहे.

लॅटिन प्रार्थनांच्या इंग्रजी भाषांतरात मूळ अर्थ हरवतो, ही तुझी तक्रार मात्र मला बरीचशी मान्य आहे. नाताळच्या दिवसाच्या मिस्सेतील प्रारंभीची प्रार्थना घे. देवाने मनुष्यस्वभावाची थोरवी अद्भुत रीतीने घडवली आणि त्याहूनही अद्भुत रीतीने ती पुन्हा उभारली, असे मूळ लॅटिन सांगते. आणि जो आमच्या मनुष्यत्वात सहभागी झाला, त्याच्या देवत्वात आम्हांला सहभागी कर, असे मागते. १९७३ च्या इंग्रजी मिस्साग्रंथात हे ‘अद्भुत’ दोन्ही ठिकाणी गळाले, मनुष्यत्वाचे ‘दुर्बलता’ झाले आणि देवत्वाचे ‘वैभव’. भाषा सोपी झाली खरी, पण देहधारणेचा, म्हणजे देव माणूस झाला या श्रद्धेचा, गाभाच पातळ झाला. मूळ लॅटिनशी निष्ठा राखण्याचा आग्रह रोमने २००१ साली धरला आणि २०११ च्या इंग्रजी आवृत्तीत ही प्रार्थना पूर्ण रूपात परत आली. याच आग्रहापायी त्या आवृत्तीतील काही प्रार्थनांची वाक्ये इतकी लांबली, की ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत पोहोचताना सुरुवातीचे आठवत नाही. हेही तू तितक्याच प्रामाणिकपणे मांडले पाहिजेस.

आता वर दिलेले ‘जो आमच्या मनुष्यत्वात’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. लॅटिनमध्ये ‘त्याच्या देवत्वात’ आधी येते आणि ‘जो’ मागून येतो. मराठीने हा क्रम उलटवला, तरी अर्थाचा एक कणही सांडला नाही, कारण ‘जो’ आणि ‘तो’ यांची जोडी आपल्या ओव्या-अभंगांत पूर्वीपासून रुळलेली आहे. इंग्रजीतले भांडण जसेच्या तसे उचलून आपल्या वसईतील मराठी चर्चच्या वेदीवर आणू नकोस, असे मी म्हणतो ते यासाठीच. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराची जबाबदारी बिशपांच्या परिषदांकडे अधिक स्पष्टपणे सोपवली आहे. तेव्हा आपल्या भाषेला काय पेलते, हे सांगू शकणारी माणसे आपल्यातूनच तयार व्हावी लागतील.

त्यासाठी लॅटिनचे व्याकरण नीट शीक. आगमनकाळातील, म्हणजे नाताळपूर्वीच्या, चारही रविवारांच्या प्रारंभीच्या प्रार्थना पाठ कर, त्यांचे मराठी स्वतः करून पाहा आणि ते एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला एकदाच वाचून दाखव. त्यांना जे दुसऱ्यांदा विचारावे लागेल, त्यावर खूण करून ती वही मला पाठव.

तुझा हितचिंतक