डॉक्टर "काय त्रास?" विचारतात आणि आमचे हे "बरंय" म्हणतात

प्रश्न: ताई, मी मंगळवार पेठेत राहते, वय 49. स्तनाचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, चार झाल्या. केमोनंतरच्या दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, पहाटे देवळातली घंटा ऐकू येईपर्यंत जागीच असते. मुलीची बारावी आहे, तिला कळू नये म्हणून नळ सोडून मोरीत रडते. डॉक्टर चांगले आहेत पण बाहेर ही गर्दी, दोन मिनिटं मिळतात, ते "काय त्रास?" विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत आमचे हे "काय नाही सर, बरंय" म्हणून मोकळे. बहीण म्हणते रडू नको, पॉझिटिव्ह राहिलं नाही तर औषध लागू होत नाही. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं असतं का?

उत्तर: ताई, सांगायचंच असतं. आणि आधी बहिणीचं बोलणं मनातून काढून टाका, ती मायेनंच बोलली असेल पण रडल्यानं केमो वाया जात नाही. आजाराचं ओझं कमी होतं का, त्यात तुमच्यावर ही आणखी एक जबाबदारी कशाला!

आता झोपेचं. केमोनंतरच्या दोन-तीन रात्रीच झोप जाते असं तुम्ही लिहिलंय ना, ते मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर बहुतेक वेळा डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड देतात आणि त्यानं झोप उडते, जीव घाबरल्यासारखा होतो, काहींना उगाच रडूही येतं. तुमचं तेच आहे असं मी इथं बसून सांगू शकत नाही, पण डॉक्टर फाईल बघून सांगू शकतात, गोळी असेल तर सकाळी घ्यायला लावतात किंवा डोस बघतात. "बरंय" म्हटल्यावर त्यांना हे कळणार कुठून? गोळी मात्र मनानं बंद करू नका.

आणि भीती, रडू हे काय "बारीक" दुखणं नाही. 1977 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात जिमी हॉलंड या डॉक्टर बाईंनी कॅन्सरच्या पेशंटांच्या मनासाठी वेगळा विभागच सुरू केला, त्याचं आता सायको-ऑन्कोलॉजी असं शास्त्र झालंय. पेशंटला एक साधं थर्मामीटरचं चित्र देतात, 0 म्हणजे मनाला काही त्रास नाही आणि 10 म्हणजे सहन होण्यापलीकडं, गेल्या आठवड्यात किती होता तिथं खूण करायची. 4 किंवा वर गेलं की डॉक्टरांनी नीट विचारपूस करायची. तुमच्या ओपीडीत असा कागद नसला तरी आकडा तुम्ही सांगू शकता की. "डॉक्टर, माझा त्रास दहापैकी सात आहे, केमोनंतर तीन रात्री झोप नाही, रोज रडू येतं, कोणाशी तरी बोलायचंय." एवढंच. दोन मिनिटात बसतं आणि समोरच्याला "मन लागत नाही" यापेक्षा जास्त कळतं. मग समुपदेशक आहे का, मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी द्याल का, हे सरळ विचारा. वेड लागलेल्यांचे डॉक्टर वगैरे मनात आणू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मनासाठी गोळी कोणीही दिली तरी ती कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यायची. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढं काहींना तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन नावाची गोळी देतात आणि पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी तिचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसऱ्या चालतात, पण ते त्यांनाच ठरवू दे.

जगूच नये असं कधी वाटलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच क्षणी घरातल्याला उठवायचं, दवाखान्यात जायचं. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिले तुमचे हे. त्यांचा राग धरू नका, मला वाटतं "बरंय" ते डॉक्टरांना कमी आणि स्वतःलाच जास्त सांगतात. केमोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना त्यांना सांगा, "उद्या आत गेल्यावर पहिलं मी बोलणार, तुम्ही नुसतं शेजारी बसा." आणि तो आकडा, त्या तीन ओळी चिठ्ठीवर लिहून रात्रीच फाईलच्या पहिल्या पानाला टाचणीनं लावून ठेवा, रडू आलं आणि बोलता नाही आलं तर चिठ्ठीच पुढं करा.