तुमचा प्रश्न : लाळघोटेपणा न करता ओळखी कशा वाढवायच्या?

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली, वय २८. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि घरच्या केळीवर वेफर्स आणि केळीचं पीठ करायचा छोटा कारखाना टाकला. वडील शेतकरी, धंद्यात आमच्या ओळखीचं कोणी नाही. जो तो म्हणतो, 'नेटवर्किंग कर.' म्हणून प्रदर्शनांना जाते, कार्डं वाटते, उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, मोठ्या व्यापाऱ्यांना सणासुदीचे मेसेज पाठवते. उत्तर क्वचित येतं. काम काढून घ्यायला गोड बोलतेय असं वाटून लाजही वाटते. शिवाय आपल्याकडे खऱ्या ओळखी होतात त्या हिवाळ्यात शेतात वांगी भाजून होणाऱ्या भरीत पार्ट्यांना, रात्री, पुरुषांच्या घोळक्यात. तिथे मी कशी जाऊ?

उत्तर : तुला माल विकायचाय हे त्या व्यापाऱ्याला कळतं, तुलाही कळतं, आणि तरी तू त्याला नुसत्या दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतेस. लाज या लपवाछपवीची वाटते, बेटा. गरज असणं यात लाजण्यासारखं काही नाही.

जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप कारखान्याच्या खरेदी विभागात माझी नोकरी झाली. म्हणजे ज्यांच्याकडे लोक कार्ड घेऊन येतात, त्या खुर्चीत मी बसायचे. ड्रॉवर कार्डांनी भरलेला असायचा आणि गरज पडली की त्यातलं एकही आठवायचं नाही. लक्षात राहिले ते भुसावळचे एक भाऊ. मशिनला लागणारं तेल विकायचे. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या केबिनबाहेर ठिबकच्या फिटिंगच्या गोण्या पडल्या होत्या, गाडीत चढवताना उसवलेल्या. त्यांनी एक उचलली, शिवण उलटी करून बोटानं चाचपली आणि म्हणाले, "मॅडम, धागा चांगलाय, टाका लांब पडतोय. गोणीवाल्याला टाका बारीक करायला सांगा." गोण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी तसं सांगितलं, गोण्या उसवायच्या थांबल्या. पुढे एकदा मी तेल मागवलं, तर म्हणाले, "तुमच्या या मशिनला माझं तेल चालेल, पण त्याहून बरं दुसऱ्याकडे मिळेल," आणि त्याचा नंबर दिला. आणि त्यांच्यावर वेळ आली तेव्हा फोन थेट होता : "मॅडम, या महिन्यात हाताला काम नाही. तुमच्याकडे काही निघत असेल तर सांगा." आडपडदा नाही. मलाही 'हो' म्हणायला सोपं गेलं, आणि एकदा 'नाही' म्हणावं लागलं तेव्हा तेही सोपं गेलं.

माझा त्यांच्यावर विश्वास बसवणारा गुण मला एकच दिसतो : समोरच्याच्या कामाकडे त्यांचं मनापासून लक्ष होतं. म्हणून मेसेज पाठवायचे थांबव आणि लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचार. तुझ्या धंद्यात विचारण्यासारखं किती आहे! सावदा-रावेरकडे वर्षानुवर्षं वेफर्स तळणाऱ्या एखाद्या काकांकडे जा आणि विचार, की पावसाळ्यात माल मऊ पडू नये म्हणून ते पिशवी कोणती वापरतात, तेल कधी बदलतात, खवटपणाची तक्रार आली तर काय करतात. 'मार्गदर्शन करा' असं मोघम म्हणू नकोस. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळतं. त्यांनी सांगितलेलं करून बघ आणि काय झालं ते पंधरा दिवसांनी कळव. हा दुसरा फोन फार थोडे लोक करतात. मला तर पहिल्या भेटीपेक्षा त्याचीच किंमत जास्त वाटते.

द्यायला आपल्याकडे काय आहे, असं तुला वाटत असेल. तू केळीवाल्याच्या घरची आहेस. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) कधी निघणार, कांदेबागेची (पावसाळा सरताना लावतात त्या केळीची) लागण किती झाली, गावात केळीवरचा हरण्या रोग कुठे दिसला, कच्च्या केळीचा भाव काय चाललाय, हे तुला घरबसल्या कळतं. पुण्याच्या खरेदीदाराला ते कळत नाही. माल कमी येणार असेल तर त्यानं विचारायच्या आधी तू सांग. वाईट बातमी वेळेवर सांगणाऱ्या माणसाला खरेदीवाले सोडत नाहीत, हे मी त्या खुर्चीतून सांगते.

बरोबरीच्या लोकांना विसरू नकोस. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत जळगाव जिल्ह्यासाठी निवडलेलं उत्पादन केळीच आहे. ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान. त्या फाइलसाठी बँकेत खेटे घातलेली तुझ्यासारखी माणसं आसपासच आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलंस तर सापडतील. व्यापाऱ्यापेक्षा आधी त्यांच्याकडे जा. मोठी ऑर्डर एकटीला झेपली नाही तर अर्धी त्यांच्याकडेच वळवता येईल.

आता भरीत पार्टी. तिथे घुसायची धडपड करू नकोस, स्वतःची कर. शेत तुमचं, बामणोदची वांगी शेजारी, भाजायला पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) बांधावर. रविवारी भर दुपारी सात-आठ जणांना बोलाव : पॅकिंगवाला, बचत गटाच्या एक-दोन ताई, तेलाचा व्यापारी त्याच्या घरच्यांसह, कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ, ते वेफर्सवाले काका. आई-वडिलांनाही पंगतीत बसव. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढ; वेफर्सची पाकिटं त्या दिवशी काढू नकोस. त्यांची एकमेकांशी ओळख करून दे, आणि 'हे अमुक, पॅकिंगचे' एवढ्यावर थांबू नकोस. 'यांनी माझी गळकी पाकिटं दोन दिवसांत बदलून दिली' असं सांग. बाई माणसाला आपल्याकडे बैठकीत जागा मिळत नाही हा अन्याय आहे आणि त्याचा मला राग येतो, पण बैठक आपणच घातली तर जागा कोणाला मागावी लागत नाही.

प्रश्न : ताई, मी धुळ्याचा, वय ४७. नाशिकला कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर होतो, ते युनिट बंद झालं. जुन्या सहकाऱ्यांशी कित्येक वर्षांत बोलणं नाही. आता गरज पडल्यावर फोन केला तर काय म्हणतील?

उत्तर : भाऊ, करा फोन. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं होतं की ज्यानं खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. १९७३ साली ते छापून आलं. वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. ५६ टक्के अधूनमधून भेटणारे, आणि २८ टक्के तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लांब गेलेल्यांच्या कानावर वेगळ्या बातम्या येतात.

इतक्या वर्षांनी फोन केला म्हणून माफी मागत बसू नका आणि मुलाबाळांची चौकशी करत दहा मिनिटं घालवून मग हळूच विषय काढू नका. सुरुवातीलाच सांगा : "आमचं युनिट बंद झालं, मी काम शोधतोय. तुमच्या भागात क्वालिटीत कुठे माणसं घेतायत का, की कोणाला विचारू?" नोकरी द्या म्हटलं की माणूस अडचणीत येतो, माहिती मागितली की मोकळेपणानं बोलतो. मग मुलाबाळांची चौकशी निवांत करा. त्यांनी नंबर दिला तर त्याच दिवशी लावा आणि काय झालं ते त्यांना संध्याकाळी कळवा, काम झालेलं असो वा नसो.